कोरियनमधलं 'वाटतं', 'दिसतंय' आणि 'असेल'

प्रश्न: कोरियन शिकते आहे. 'पाऊस पडेल असं वाटतं' यासाठी पुस्तकात 'पिगा ओल कॉत काथायो' दिलंय. मालिकांत 'पिगा ओना ब्वायो' आणि 'पिगा ओगेस्सॉयो' असंही ऐकू येतं. यांत खात्रीचा फरक आहे का? म्हणजे एकात निम्मी खात्री, दुसऱ्यात जास्त?

प्रतिसाद: खात्री मोजत बसलात तर गोंधळ वाढेल. अंदाज कशावरून बांधला, ते आधी बघा.

'ना ब्वायो'ला बाहेरची खूण लागते. खिडकीतून छत्र्या दिसल्या की 'पिगा ओना ब्वायो', आपल्या 'पाऊस पडतोय वाटतं'सारखं. खानावळीबाहेर रांग दिसली तर 'माशिन्ना ब्वायो', म्हणजे इथलं जेवण चांगलं असावं. पण स्वतः जेवून उठल्यावर हे म्हणता येत नाही. जे स्वतः चाखलं त्याचा अंदाज कसला?

'ओगेस्सॉयो'मधल्या 'गेत'चा (उच्चारात कधी 'गेस्स', कधी 'केत') अंदाज समोरचं पाहून किंवा ऐकून जागच्या जागी बांधलेला असतो. ताट पुढ्यात आलं, घास अजून घेतला नाही: 'माशित्केत्ता!', म्हणजे चविष्ट असणार! कोणी आपले हाल सांगितले, तर 'हिमदुरॉत्केस्सॉयो', फार त्रास झाला असेल हो तुम्हाला. इथे अंदाजापेक्षा सहानुभूतीच जास्त. हवामानाच्या बातम्यांतही हाच 'गेत' ऐकू येतो, फक्त थाट औपचारिक: 'पिगा ओगेस्सुम्निदा'.

'कॉत काथायो' सगळ्यांत ऐसपैस. खूण असो वा नुसतं मनाला वाटणं, दोन्हीकडे चालतं. जेवल्यानंतरही 'माशिन्नुन कॉत काथायो' (चविष्ट आहे असं वाटतं) म्हणतात, मत जरा मऊ करायला. स्वतःच्या आनंदाबद्दलही लोक 'किबुनी चोउन कॉत काथायो' (मला छान वाटतंय असं वाटतं) म्हणू लागले, यावर कोरियातले भाषाशुद्धीवाले चिडतात. मला त्यांचं थोडं पटतं. स्वतःला बरं वाटतंय की नाही, याचाही अंदाजच?

प्रश्न: आणि 'ओल चुल आरास्सॉयो'? एकीकडे अर्थ 'येशील हे ठाऊक होतं', दुसरीकडे 'येशील असं वाटलं होतं (पण आला नाहीस)'.

प्रतिसाद: दोन्ही बरोबर. वाक्य तेच, निवाडा संदर्भ आणि आघात करतात. 'आरास्सॉयो'वर जोर दिला तर सहसा 'ठाऊकच होतं'. मराठीत हे काम एकटा 'च' करतो: 'येशील असं वाटलं होतं' आणि 'येशील असं वाटलंच होतं'. 'कुरॉल चुल आरास्सॉ' तर ठरीव उद्गार आहे, असं होणार हे माहीतच होतं. अपेक्षाच नसेल तर 'ओल चुल मोल्लास्सॉयो', येशील असं वाटलं नव्हतं.

आणखी एक: 'थेन्दे' राहिलं. 'पाप्पुल थेन्दे वा ज्वॉसॉ कोमावॉयो': कामात असाल, तरी आलात, आभार. आधी समोरच्याच्या अडचणीचा अंदाज, मग आपलं म्हणणं. पाहुण्याला दारात म्हणायला याहून सोयीचं वाक्य नाही. पण ऑफिसात वरिष्ठांपुढे 'कोमावॉयो' नको, 'काम्साहाम्निदा' म्हणा.