प्रतिसाद: औषध स्वस्त झालं, मग रुग्ण येत का नाहीत?

वर विचारलंय की हिपॅटायटिस सीच्या (विषाणूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजाराच्या) गोळ्या स्वस्त झाल्या, तरी लोक उपचार का घेत नाहीत. प्रश्न रास्त आहे. २०१३मध्ये सोफोसबुव्हिर हे त्यावरचं औषध अमेरिकेत आलं तेव्हा एका गोळीची किंमत १००० डॉलर होती, आणि कोर्स साधारण १२ आठवड्यांचा. जेनेरिकमुळे (तेच औषध इतर कंपन्यांनी स्वस्तात बनवल्यामुळे) ते चित्र बरंच पालटलं. पण खर्च गोळीच्या आधीच सुरू होतो.

अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही. विषाणू रक्तात खरंच आहे का, हे आरएनए चाचणीच सांगते, आणि ती महाग. मग यकृत कितपत कडक झालंय ते पाहायचं. प्रत्येक टप्प्याला वेगळी चक्कर, वेगळी रजा. हातावर पोट असलेला माणूस नेमका इथेच गळतो. त्यातून त्याला काही दुखतखुपत नसतं, मग कशाला जाईल? (बरं झाल्यावरही अँटिबॉडी सहसा पॉझिटिव्हच राहते, नव्या डॉक्टरकडे पुन्हा तीच वरात.)

हिपॅटायटिस बीचं गणित निराळं. त्यावरचं औषध टेनोफोव्हिर फारसं महाग नाही, पण अनेकांना ते वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, सोबत नियमित तपासण्या. मनाने गोळी बंद केली तर आजार एकदम उसळू शकतो.

आणि झाडपाल्याने कावीळ बरी झाल्याचे किस्से? कावीळ हे हिपॅटायटिसचंही लक्षण असतं; त्यातले ए आणि ई हे प्रकार बहुतेकदा आपोआपच बरे होतात, श्रेय मात्र पुडी देणाऱ्याला. त्याच भरवशावर बीवाला रुग्ण जातो आणि उशीर करून बसतो.