मदत हवी आहे : त्वचेसाठी पोषक, पण पाणी न सुटणारा भाज्या-अंड्याचा पदार्थ

मुलुंडवासी

नमस्कार. भाज्या आणि अंडी एकत्र शिजवून होणारा एखादा पदार्थ मला आठवड्यातून तीन-चार वेळा घरी करायचा आहे. पाककृती हव्या तितक्या मिळतात. माझी अडचण शिजवण्याच्या पद्धतीची आणि त्यामागच्या कारणांची आहे, म्हणून येथे विचारत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. माझी मुलगी महाविद्यालयात शिकते. तिची त्वचा कोरडी आहे, गालांवर मुरमे येतात आणि ती गेली तरी त्यांचे काळपट डाग बराच काळ राहतात. त्वचारोगतज्ज्ञांचे उपचार चालू आहेत आणि ते थांबवण्याचा विचार नाही. मात्र तिच्या खाण्याची चौकशी केल्यावर त्यांनी स्पष्ट सांगितले की प्रथिने आणि भाज्या या दोन्ही बाबतींत आनंदीआनंद आहे. ते खरेच आहे, कारण सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी महाविद्यालयाबाहेरचा वडापाव आणि रात्री पोळीबरोबर बटाट्याची भाजी, एवढ्यावर तिचा दिवस निघतो. अंडी मात्र ती आवडीने खाते. तेव्हा फरसबी, गाजर, पालक, ढोबळी मिरची आणि टोमॅटो अंड्याच्या सोबतीने तिच्या पोटात जावेत, असा माझा बेत आहे.

सध्या मी भुर्जी करते. कांदा परतून त्यात सर्व भाज्या एकदम घालते, मीठ घालून झाकण ठेवते आणि भाज्या शिजल्या की फेटलेली अंडी ओतते. होते असे की कढईच्या तळाशी पाणी साचते, अंडे त्या पाण्यात फुटल्यासारखे रवाळ होते आणि पालक असला तर सगळ्याला हिरवट-करडा रंग येतो, जो पाहून मुलगी ताटच बाजूला सारते. हे पाणी आटवत बसले की अंडे चिवट होते.

याखेरीज दोन शंका आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे की अंडी उष्ण पडतात आणि त्यांनीच पुटकुळ्या वाढतात. शेजारच्या वहिनींचा सल्ला नेमका उलट आहे. त्यांच्या मते त्वचेसाठी अंडे कच्चेच दुधात घालून प्यावे आणि उरलेले पांढरे चेहऱ्यावर लावावे. या दोन्हींत कितपत तथ्य आहे? जाणकारांनी कृपया कारणासह सांगावे, म्हणजे मला घरातही ते पटवून देता येईल.

शेपूची जुडी

पाण्याचे कारण मीठ आहे. ढोबळी मिरची, टोमॅटो आणि पालक यांत मुळातच पाणी पुष्कळ असते आणि सुरुवातीलाच मीठ पडले की ते बाहेर ओढले जाते. वरून झाकण ठेवले की वाफ बाहेर न जाता पुन्हा कढईतच उतरते. मीठ शेवटी घाला, भाज्या पसरट तव्यावर, झाकण न ठेवता परता आणि तव्यात गर्दी करू नका. पालक आधी अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून, गार पाण्यात टाकून, मुठीत घट्ट पिळून घ्यावा. त्या पिळण्यात किती पाणी निघते ते एकदा पाहिलेत की भुर्जी का पाणावत होती ते वेगळे सांगावे लागणार नाही.

दादरकर

ताई, माझा सल्ला असा की भुर्जी सोडून द्यावी आणि आपल्या मुंबईच्या पारशी घरांतली ‘पर ईडू’ ही पद्धत उचलावी. ‘ईडू’ म्हणजे अंडे. खाली भाजीचा थर आणि त्यावर न फेटता फोडलेली अंडी, असा हा साधा प्रकार आहे. टोमॅटोवर, भेंडीवर, बटाट्यावर, फार काय सळीवर, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या बारीक काड्यांवरसुद्धा पारशी मंडळी अंडी फोडतात. आमच्या शेजारच्या पारशी काकूंकडून मी ही रीत शिकलो. तुमच्या दृष्टीने तिचा मोठा फायदा असा की भाजी आणि अंडे यांची शिजण्याची वेळ वेगळी होते, आणि तुमची सगळी अडचण नेमकी तिथेच आहे. अंड्याचा पांढरा भाग साधारण 62 अंश सेल्सिअसपासून आणि बलक 65 ते 70 अंशांच्या दरम्यान घट्ट होऊ लागतो, म्हणजे पाणी उकळण्याच्या बरेच खाली. पाणी आटवण्यासाठी लागणारी आच अंड्याला सोसत नाही. प्रथिने आकसतात, आतले पाणी बाहेर टाकतात, आणि आपण ते आणखी आटवत बसतो. तो करडा रंगही अतिउष्णतेचाच परिणाम असतो. पांढऱ्या भागातील गंधक आणि बलकातील लोह यांचे संयुग होऊन ती छटा येते. ती अपायकारक नसते, पण दिसायला वाईट असते हे मान्य.

एका व्यक्तीसाठी दोन अंडी आणि चिरलेल्या भाज्या पावशेराच्या आतबाहेर घ्या. दोन लहान चमचे तेलात कांदा, आले-लसूण आणि हिरवी मिरची परतून त्यात बारीक चिरलेली फरसबी आणि गाजर आधी घालावे, कारण त्यांना वेळ लागतो. ती मऊ झाली की टोमॅटो घालून कडेने तेल सुटेपर्यंत परतावे, मग पिळलेला पालक, हळद, किंचित धणे-जिरे पूड आणि मीठ घालावे. डाव फिरवला की त्यामागे तळ काही क्षण कोरडा दिसला पाहिजे. तसा दिसत नसेल तर अंडी फोडू नयेत. मग डावाच्या पाठीने दोन खळगे करून त्यांत एकेक अंडे सोडावे, गॅस अगदी मंद करावा आणि झाकण ठेवावे. झाकणाला स्वच्छ पंचा बांधला आणि त्याची टोके वर गाठवली तर वाफेचे थेंब अंड्यावर पडत नाहीत. चार-पाच मिनिटांत पांढरे पूर्ण आळते. पारशी मंडळी बलक पातळ ठेवतात, पण आपल्याकडची हवा आणि अंड्यांची साठवण पाहता तो घट्ट होऊ द्यावा, असे माझे मत आहे, कारण साल्मोनेला या रोगजंतूचा धोका अर्धवट शिजलेल्या अंड्यात राहतो.

ढोबळी मिरची मात्र या थरात घालू नका. तिचे बारीक तुकडे, कोथिंबीर आणि लिंबू हे सर्व गॅस बंद केल्यावर वरून घालावे. अंड्यात क जीवनसत्त्व मुळीच नसते आणि त्वचेला आधार देणारे कोलॅजन तयार होण्यासाठी शरीराला तेच लागते. ते उष्णतेने नष्ट होते आणि पाण्यात विरघळून वाया जाते. हिरव्या ढोबळी मिरचीच्या 100 ग्रॅममध्ये ते साधारण 80 मिलिग्रॅम असते, तेव्हा कच्चे चार चमचे तुकडेसुद्धा उपयोगी पडतात. गाजर, पालक आणि टोमॅटो यांचे उलट आहे. त्यांतील बीटा कॅरोटीन, ल्युटीन, लायकोपीन ही रंगद्रव्ये स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषली जात नाहीत आणि शिजवल्याने अधिक मोकळी होतात. अंड्याच्या बलकात साधारण 5 ग्रॅम स्निग्धांश असतो, तो येथे कामाला येतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सॅलडबरोबर तीन शिजवलेली अंडी खाल्ल्यावर या रंगद्रव्यांचे शोषण कित्येक पटींनी वाढलेले दिसले होते. त्यामुळे केवळ पांढरे खाऊन बलक फेकण्याची जी टूम आहे, ती निदान या पदार्थात तरी नको.

शेजारच्या वहिनींना सांगा की कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचे प्रथिन असते, ते बायोटिनला धरून ठेवते. म्हणजे ज्या जीवनसत्त्वासाठी अंडे खायचे तेच अडते. अधूनमधून एखादे कच्चे अंडे प्यायल्याने लगेच कमतरता होत नाही हे खरे, पण फायदाही काही नाही. शिजवलेल्या अंड्यातील सुमारे 90 टक्के प्रथिने पचतात, कच्च्यातील जेमतेम निम्मी. चेहऱ्यावर लावलेले पांढरे वाळून त्वचा ताणल्यासारखी वाटते इतकेच. आत काही जात नाही, आणि मुरमे फुटलेली असताना तर तो प्रकार टाळावाच.

सासूबाईंशी वाद घालू नका. मुरमे आणि आहार यांच्या संबंधात मैदा-साखरेसारख्या, रक्तातील साखर झपाट्याने वाढवणाऱ्या पदार्थांविषयी आणि काही अंशी दुधाविषयी पुरावा आहे. अंड्यांविषयी तसा ठोस पुरावा नाही. मुलीच्या दिवसात बिस्किटे आणि पाव किती आहेत हे तुम्हीच लिहिले आहे. हे अंडे पावाबरोबर न देता ज्वारीच्या भाकरीबरोबर द्या, म्हणजे सासूबाईही खूश होतील. आणि एक पदार्थ म्हणजे भाज्यांचा कोटा संपला असे समजू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे सुचवली आहेत. त्वचेत फरक दिसायला महिने लागतात, आणि डाग पुसण्याचे काम कोणतेही अंडे करत नाही. त्यासाठी डॉक्टरांचे मलम आणि उन्हापासून संरक्षण हवेच.

मुलुंडवासी

मनःपूर्वक आभार. मिठाचा मुद्दा आणि डावाची खूण, दोन्ही लगेच अमलात आणते. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मुलगी सकाळी साडेसहाला घर सोडते. हा पदार्थ डब्यात दिला तर दुपारी एकपर्यंत टिकेल का? शिवाय श्रावणात आमच्या घरात अंडे येत नाही. त्या महिन्यात याच्या जागी काय करावे?

दादरकर

डब्यात देऊ नका. शिजवलेले अंडे बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एक तासच, असा सर्वसाधारण नियम आहे. लोकलच्या गर्दीत पिशवीत दबलेला डबा याहून अधिक तापतो. वासाचा प्रश्न आहेच. रात्रीच्या जेवणात करा, ताजा आणि गरम खायला मिळेल, आणि बटाट्याची भाजीही आपोआप मागे पडेल. सकाळी डब्यात घट्ट उसळ आणि भाकरी द्यावी. उसळही मुंबईच्या उन्हाळ्यात आंबते, म्हणून ती पूर्ण गार करून, खोबरे न घालता भरावी.

शेपूची जुडी

श्रावणासाठी माझ्याकडून. भाज्यांचा थर जसाच्या तसा ठेवा आणि अंड्यांच्या जागी वाफवलेले मोड आलेले मूग घाला. बलकाचा स्निग्धांश नसल्यामुळे तेल एक चमचा वाढवा किंवा वरून भाजलेल्या तिळाचे कूट पेरा. मुगात ब 12 जीवनसत्त्व नसते, तेव्हा त्या महिन्यात वाटीभर ताक किंवा दही ठेवावे. दूध-दह्याने मुरमे वाढतात असे तिच्या बाबतीत दिसले, तर ते किती घ्यायचे हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. श्रावणात पालेभाजी घ्याल ती मात्र नीट पाहून घ्या, देठाशी चिखल आणि आत अळ्या असतात. मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटे बुडवून ठेवावी आणि नंतर दोन-तीन पाण्यांनी धुवावी.