पेरिमेनोपॉजला आपल्याकडे काय म्हणतात?

पऱ्हाटी:
दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या बचत गटासाठी पानभर माहिती मराठीत करून देते म्हटलं आणि मथळ्यातच अडकले. पेरिमेनोपॉज, म्हणजे पाळी कायमची जाण्याआधीची वर्षं. मी 'रजोनिवृत्तिपूर्व काळ' लिहिलं. आशाताईंनी ते वाचल्याबरोबर मागून एक बाई म्हणाली, "रजा म्हन्ता का निवृत्ती म्हन्ता? आमाले तं दोन्हीतलं एकबी भेटत नाई." मीटिंग तिथंच संपली.

सासूबाई म्हणाल्या, "पायी गेली असं लिह्य ना वो!" (वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे ळ चा य होतो. पायी म्हणजे पाळी. चालत कुणी कुठं गेलेलं नाही.) पण पाळी जाणं हा शेवट. मला त्याच्या आधीचं हवं आहे. कधी वीस दिवसांनी येते, कधी दोन महिन्यांनी, रात्री तीनला घामानं जाग, पऱ्हाटीत कापूस वेचता वेचता उगाच रडू. बहुतेकींना चाळिशीत सुरू होतं, चारेक वर्षं चालतं, कुणाकुणाला जास्तही. ह्याला एक शब्द द्या.

व्याकरणदुष्ट:
शब्द घरातच आहे. ग्रीक 'पेरि' म्हणजे भोवती, आणि आपला 'परि' तोच, परिसर-परिघ मधला. 'मेनो' म्हणजे महिना, आपला 'मास' त्याच कुळातला. 'पॉज' म्हणजे थांबणं. झाला 'परिमासविराम'. सावरकरांचा 'महापौर' रुळला, हाही रुळेल.

सदाफुली:
महापौर गावाला एक असतो, पाळी घरात चौघींना असते. परिमासविराम ऐकून माझी आई विचारेल, अधिक मासातलं व्रत आहे का, उद्यापन कधी?

व्याकरणदुष्ट:
हसून घ्या. मग इंग्रजीच वापरा. 'हॉट फ्लश'लाही शब्द नको असेल तुम्हाला. मी 'उष्णलहरी' सुचवणार होतो.

सदाफुली:
उष्णतेची लाट रेडिओवर असते, अकोल्यात मे महिन्यात. आमच्याकडे 'अंगातून वाफा निघतात' म्हणतात. अर्थात मे महिन्यात कुठली वाफ सूर्याची आणि कुठली स्वतःची, हे सांगणं कठीणच.

ओपीडीतली:
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर आहे, म्हणून जरा लांब लिहिते. शब्द नसल्यापेक्षा एका शब्दात चार गोष्टी कोंबल्यानं जास्त घोळ होतो. 'पायी गेली' म्हणणाऱ्या बायांना मी पुढं विचारते. एकीला सलग बारा महिने आलेली नसते, तिची खरोखर गेली. दुसरीला तीनच महिने झालेले असतात. ती 'गेली' म्हणून बिनधास्त राहते आणि अधूनमधून एखादीला त्रेचाळिसाव्या वर्षी दिवस जातात. मग ती लाजेनं कुणाला सांगत नाही. तिसरीची पिशवी काढलेली असते. पिशवी काढून अंडाशय ठेवले असतील तर पाळी बंद होते, पण अंडाशयांचं काम चालू असतं. त्या वाफा, ती चिडचिड तिला पुढं कधीतरी येते, आणि आता तर पाळीच नाही, मग हे कशानं, असा तिला प्रश्न पडतो.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. वर्षभर बंद राहून पुन्हा डाग दिसला की घरात म्हणतात, 'पुन्हा आली वाटते.' ती पाळी नसते. त्याला 'आली' म्हणूच नका, तपासायला या.

आणखी एक. 'अंगावरून जातं' म्हणतात, आणि त्याच बाया ते 'अंगावर काढतात'. दोन्हीत अंगच आहे, पण पहिलं आजाराबद्दल आणि दुसरं बाईच्या स्वभावाबद्दल. तासाला कापड बदलावं लागत असेल तर ते अंगावर काढायचं नसतं. हिमोग्लोबिन किती उतरलंय ते आधी बघायचं. थायरॉइडही बघायचं, कारण घाम, धडधड तिथूनही येते. हार्मोनच्या गोळ्यांनी वाफा कमी होतात, पण स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या बाईनं शेजारणीच्या सांगण्यावरून त्या घ्यायच्या नाहीत.

वखरवाला:
ताई, बरोबर. पण 'पाळी' हा शब्द बाईपुरता कुठं आहे? वखराची पाळी देतात, राखणीची पाळी असते, कानालाही पाळी असते. माझा बाप म्हणायचा, दोन पाळ्या झाल्याशिवाय पेरू नको. तेव्हा पाळी म्हणजे फेरा. गेली, आली, चुकली, सगळं ह्यात बसतं.

सदाफुली:
वखराचा फेरा चुकला तर गवत होतं, वखरभाऊ.

जुनं_वाडं:
आमच्या आजीच्या तोंडी 'पाळी' नव्हताच. 'बाहेर बसली', 'कावळा शिवला'. थांबल्यावर म्हणायच्या, 'आता ती सुटली.' विटाळाच्या गोठ्यातून सुटली, एवढाच अर्थ. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर महानुभावांचं, आणि चक्रधरस्वामींनी बाईचा विटाळ मानला नव्हता. आठशे वर्षांनीही गोठा काही रिकामा झाला नाही.

व्याकरणदुष्ट:
विषय भरकटतोय. 'सुटली' हे क्रियापद आहे. पऱ्हाटीताईंनी नाम मागितलं होतं.

ओपीडीतली:
नाम कागदाला लागतं. ओपीडीत बाया क्रियापदच सांगतात. 'मागंपुढं होते' म्हणाल्या की मला कळतं, बारा महिने मोजायला अजून सुरुवात झालेली नाही. भारतात सरासरी ४६-४७ ला पाळी कायमची जाते, म्हणून चाळिशीच्या बाईनं 'मागंपुढं' म्हटलं की मी वही उघडते.

पऱ्हाटी:
'पाळी मागंपुढं होण्याची वर्षं' लिहू का? सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "मागंपुढं तं पोरीबायीचीबी होते पह्यल्या वर्षात."

ओपीडीतली:
खरंय की.

व्याकरणदुष्ट:
म्हणूनच म्हणतो, परिमासविराम.

सदाफुली:
नको हो.

वखरवाला:
'उतरती पाळी' कसं वाटतं? आणि एक विचारायचं राहिलं, वऱ्हाडात उभी पाळी आधी देतात की आडवी? आमच्या घरी त्यावरून दोन भाऊ बोलत नाहीत.

जुनं_वाडं:
आडवी. पण बाभूळगावकडचे लोक हे ऐकणार नाहीत.

पऱ्हाटी:
कागद उद्या द्यायचा आहे. मथळ्याची जागा मोकळी सोडली आहे. 'वर्षभरानं डाग दिसला तर दवाखान्यात या' ही ओळ मोठ्या अक्षरात घातली.