फाशी, चिता नव्हे

सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जादू शिकणाऱ्या मुलींच्या गोष्टीत त्यांना चेटकीण म्हणून जाळायला चिता हवीच, असं कुणीतरी लिहिलंय. नको हो! इंग्लंडात चेटकिणींना फाशी देत. जाळणं स्कॉटलंडातलं, तेही बहुधा आधी गळा आवळून.

खरी हकीकत जास्त अंगावर येते. १६१२ साली इंग्लंडातल्या लँकेस्टरच्या चेटकाच्या खटल्यात जेनेट डिव्हाइस या जेमतेम नऊ वर्षांच्या पोरीला टेबलावर उभं करून घरच्यांविरुद्धच साक्ष घेतली. आई किंचाळायला लागली, तर तिलाच बाहेर काढलं. आई, भाऊ, बहीण, तिघंही फासावर गेले. आणि १६३४मध्ये चेटकाच्या आरोपींत जेनेट डिव्हाइस हेच नाव पुन्हा दिसतं. तेव्हा साक्षीदार दहा-अकरा वर्षांचा मुलगा!

अशी नायिका द्या. झाडूवरून उडणं नंतर बघू.