आधी ती उशी काढा

वडिलांचा पाय कापावा लागलेल्या एकानं इथं विचारलंय, ‘पाय गेलेल्या माणसाला मोबाइलवर काय शिकवणार?’ आमच्या कर्नाटकातल्या खानापूरकडच्या काकांचा पाय तीन वर्षांमागं शुगरनं गेला, गुडघ्याखालून. म्हणून लिहितो.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी आल्यावर आम्ही मायेनं खुंटाखाली (म्हणजे कापून उरलेल्या पायाखाली) उशी दिली, दिवसरात्र. गुडघा वाकल्या जागी आखडला! पालथं झोपवा, गुडघा सरळ ठेवा, हे कुणी सांगितलंच नाही; सांगितलं असेल तर घाईत, कन्नडमधून. (काकांचं कन्नड बाजारापुरतं.) हे व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटांत कळलं असतं. रोज आरशात खुंटाची कातडी बघणं, दिवसा खुंट आटून सॉकेट (कृत्रिम पायाची खुंट बसवायची वाटी) ढिला झाला की खुंटावर एक मोजा वाढवणं, हेसुद्धा. नसलेली बोटं रात्री ठणकायची, तेव्हा काकांना वाटलं, आपलं डोकंच फिरलं. हा त्रास बऱ्याच जणांना होतो, एवढं कळलं तरी निम्मा धीर येतो.

अमेरिकेत ‘सेकंड लाइफ’ या २००३ साली निघालेल्या, संगणकावरच्या आभासी जगात असं प्रशिक्षण देऊन पाहिलंय. आपण बाहुल्याच्या रूपात जाऊन बसायचं. आमच्याकडं रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं, ते राहू दे. व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी क्लिपा पुरेत. मात्र सॉकेटचं माप नि चालण्याचा सराव समोरासमोरच हवा.

तुमच्या वडिलांचा पाय गुडघ्याच्या वरून गेलाय की खालून? ते लिहा, मग मोज्यांचं सविस्तर सांगतो.