मदत हवी आहे : बाळाच्या दुधाचे नियोजन करणारे अ‍ॅप सुचवा, रोज दूध मोरीत ओतावे लागते (वडोदरा)

कारेलीबागकर

नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. आमच्याकडे रोज दुपारी बाळाचे दूध उरते आणि संध्याकाळी ते मोरीत ओतावे लागते. फोनवर दोन अ‍ॅप आहेत. त्यांपैकी एकात बाळाचे वजन भरले की ते दिवसभराचे वेळापत्रक आखून देते. फ्रीज वाय-फायचा आहे, बाटली कोमट करणारे यंत्रही फोनवरून चालते, आणि तरीही फ्रीझरमधून किती दूध केव्हा काढावे याचा अंदाज रोज चुकतो. मला असे एकच अ‍ॅप हवे आहे, जे उद्या किती पिशव्या बाहेर काढायच्या हे आदल्या रात्री सांगेल आणि माझ्या, पत्नीच्या व आईच्या फोनवर एकच नोंद दाखवेल. पैसे भरावे लागले तरी हरकत नाही. ‘मूल मोठे झाले की सगळे आपोआप मार्गी लागते’ अशा स्वरूपाचे सल्ले कृपया देऊ नयेत, ते घरात भरपूर मिळतात.

मांडवीच्या काकू

तुम्ही नको म्हणालात तरी लिहिते. बाळ घड्याळ पाहून पीत नाही आणि फोन पाहून तर मुळीच पीत नाही. आमच्या वेळी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजत असत. त्यात एका वेळी लागेल तेवढेच दूध घ्यावे लागे, त्यामुळे उरण्याचा प्रश्नच येत नसे. बोंडले आजही भांड्यांच्या दुकानांत मिळते. बाळ किती महिन्यांचे आहे ते मात्र तुम्ही लिहिलेले नाही.

यंत्रप्रेमी

पावडरच्या दुधाबाबत माझा अनुभव सांगतो. तयार केलेले दूध दोन तासांच्या आत वापरावे लागते आणि बाळाने तोंड लावल्यापासून एका तासाच्या आत संपवावे लागते, त्यामुळे मोठी बाटली भरली की नासाडी ठरलेली. पावडर किमान ७० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात मिसळायची असते, कारण ती निर्जंतुक नसते आणि तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचे जिवाणू असू शकतात. त्यानंतर दूध पाजण्याजोगे होईपर्यंत थंड करायचे. आम्ही यासाठी तापमान दाखवणारी किटली घेतली आहे आणि ती फोनला जोडलेली आहे. डबा उघडल्याची तारीखही फोन लक्षात ठेवतो.

कारेलीबागकर

पावडरचे दूध कोणी फ्रीझरमध्ये ठेवत नाही, त्यामुळे ते आईचेच दूध आहे हे सांगण्याची गरज मला वाटली नव्हती. कृपया अ‍ॅपचे नाव सांगावे.

गृहविज्ञानवाली

मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात पोषणशास्त्र शिकले आहे, म्हणून आधी चार गोष्टी विचारते. त्यांच्या उत्तरांशिवाय कोणतेही अ‍ॅप सुचवणे व्यर्थ आहे. बाळाचे वय व वजन किती आहे, आई घराबाहेर किती तास असते, उरलेल्या वेळात बाळ अंगावर पिते का, आणि एका पिशवीत तुम्ही किती मिलिलिटर दूध भरता?

नाचणीसत्त्व

बाळाला सत्त्व सुरू केले की दुधाची मागणी आपोआप कमी होते. नाचणी रात्रभर भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून दळावी आणि वस्त्रगाळ करावी. आमच्या दोन्ही मुलांना आम्ही चौथ्या महिन्यापासून दिले. सविस्तर कृती हवी असल्यास लिहीन.

गृहविज्ञानवाली

नाचणीसत्त्व उत्तम आहे, पण चौथ्या महिन्यात नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ या दोघांचीही शिफारस अशी आहे की पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, त्यानंतर वरचे अन्न सुरू करावे आणि त्याच्या जोडीने अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू ठेवावे. दूध वाया जाऊ नये म्हणून बाळाची दुधाची भूक मारणे हा उपाय होऊ शकत नाही. शिवाय धागाकर्त्याने हे विचारलेलेही नाही.

कारेलीबागकर

बाळ पाच महिन्यांचे होत आले आहे, वजन ६.८ किलो. पत्नीची सव्वीस आठवड्यांची रजा प्रसूतीच्या आधीपासून सुरू झाली होती, ती आता संपली. तिचे कार्यालय मकरपुऱ्यात आहे. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा ती घरी नसते. सकाळी, संध्याकाळी व रात्री बाळ अंगावर पिते. दिवसा माझी आई पाजते. अ‍ॅपने दर वेळी १४५ मिली आणि दिवसभरात सात वेळा असे ठरवून दिले आहे, त्यानुसार पिशव्याही प्रत्येकी १५० मिलीच्या भरतो आणि दिवसाला तीन बाहेर काढतो. मी माहिती दडवत नव्हतो, हे सगळे अ‍ॅपमध्ये भरलेलेच आहे.

गृहविज्ञानवाली

१४५ हा आकडा कोठून आला असावा ते सांगते. ६.८ ला १५० ने गुणा, १०२० येतात. त्याला सातने भागा. दर किलो वजनामागे रोज १५० मिली हे पावडरचे दूध पिणाऱ्या बाळांसाठी वापरले जाणारे ढोबळ गणित आहे, आणि तुमचे अ‍ॅप तेच करत असावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे तसे नसते. पहिल्या महिन्यानंतर सहाव्या महिन्यापर्यंत वजन वाढत राहिले तरी त्याचे रोजचे दूध फारसे वाढत नाही. ते सरासरी ७५० मिलीच्या आसपास राहते, कोणाचे ६०० असते तर कोणाचे ९०० असते. ७५० ला चोवीसने भागले तर तासाला साधारण ३० मिली होतात. तुमच्या पत्नी नऊ तास घराबाहेर असतात, म्हणजे गरज २७० ते २८० मिलीची आहे आणि तुम्ही ४५० मिली बाहेर काढता. मोरीत जाते ते बहुतेक या दोन आकड्यांमधले अंतर आहे, आणि वजन वाढेल तसे हे अ‍ॅप ते अंतर आणखी वाढवत नेईल. तसेच सकाळी अंगावर बाळ किती प्यायले हे कोणत्याही फोनला कळत नाही. ज्या दिवशी ते पोटभर पिऊन झोपते, त्या दिवशी पहिली बाटली अर्धी राहणारच.

पिशव्या ६० मिलीच्या भरा आणि काही ३० मिलीच्या ठेवा. आधी ६० द्यावे, बाळाने आणखी मागितले तर ३० द्यावे. हे सरासरीचे गणित आहे, म्हणून वजन ममता कार्डावरील (गुजरातमधील माता-बाल आरोग्याच्या नोंदपत्रावरील) आलेखात योग्य रेषेने वाढते आहे ना आणि लंगोट पुरेसे ओले होतात ना याकडे लक्ष ठेवा. शंका आल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

यंत्रप्रेमी

गणित मान्य आहे, पण त्यासाठी यंत्रे टाकून देण्याचे कारण नाही. प्रत्येक पिशवीवर क्यूआर चिठ्ठी लावावी. फ्रीझरमधून काढताना ती फोनने टिपली की साठा आपोआप वजा होतो आणि सर्वांत जुनी पिशवी आधी वापरली जाते. याशिवाय फ्रीझरमध्ये तापमानमापक ठेवावा, म्हणजे तापमान वाढताच तुम्हाला कार्यालयात सूचना मिळते.

विश्वामित्रीकाठ

त्या सूचनेविषयी अनुभवाने सांगतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या भागातील वीज गेली. मापकात बॅटरी होती, पण घरातले वाय-फायचे यंत्रच बंद पडल्यामुळे सूचना पाठवणार कोण? ज्या प्रसंगासाठी ते घेतले होते, नेमक्या त्याच प्रसंगी ते मुके झाले. आता आम्ही फ्रीझरमध्ये एका वाटीत पाण्याचा बर्फ करून त्यावर रुपयाचे नाणे ठेवतो. नाणे तळाशी गेलेले दिसले की आत सगळे वितळून पुन्हा गोठले होते हे कळते आणि तो साठा वापरायचा नाही हेही ठरते. दार उघडले नाही तर गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरून ठेवतो, म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात.

यंत्रप्रेमी

वाय-फायच्या यंत्राला छोटा इन्व्हर्टर जोडता येतो. एका पुरावरून सगळ्या तंत्रज्ञानाला नाकारणे मला पटत नाही.

विश्वामित्रीकाठ

नाकारत नाही. नाण्याला इन्व्हर्टर लागत नाही, इतकेच म्हणतो.

अलकापुरीची आई

क्यूआर चिठ्ठ्या आम्ही लावून पाहिल्या. एका हातात रडणारे बाळ आणि दुसऱ्या हातात पिशवी असताना फोन कोणत्या हाताने धरायचा, हा सासूबाईंचा प्रश्न होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी सर्वांच्या फोनवर एकच साधी तक्ता-वही उघडून ठेवली. तिच्यात सासूबाई मराठीत बोलून नोंद करतात, फोन ती लिहून घेतो. आम्ही किती पाजले यापेक्षा किती उरले हे लिहितो, कारण दुसऱ्या दिवशीचा निर्णय त्याच आकड्यावर ठरतो. चार-पाच दिवस सकाळचे दूध उरते आहे असे दिसले की सकाळची पिशवी लहान करायची. वाय-फायच्या फ्रीजचा या कामी उपयोग होत नाही. त्याच्या कॅमेऱ्याला फ्रीझरच्या कप्प्यात एकावर एक रचलेल्या पिशव्या दिसत नाहीत.

मला एक विचारायचे आहे. तुमच्या त्या अ‍ॅपमध्ये पावडरच्या दुधाच्या जाहिराती किंवा सवलतीची कुपने येतात का?

कारेलीबागकर

कुपने येतात. त्याचा येथे काय संबंध?

अलकापुरीची आई

संबंध आहे. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने आणि २००३ मधील सुधारणेने दोन वर्षांखालील मुलांसाठीचे दुधाचे पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि तयार शिशुआहार यांच्या जाहिरातीला बंदी आहे, त्यात सवलतीची कुपनेही येतात. जे अ‍ॅप हा नियम पाळत नाही आणि गरजेपेक्षा मोठा आकडा दाखवून ‘आईचे दूध पुरत नाही’ अशी धास्ती घालते, त्याच्या हिशेबावर मी विश्वास ठेवणार नाही. तुमच्या पत्नीला रोज ४५० मिलीची भरपाई करावी लागते, म्हणजे कार्यालयात विनाकारण जास्त वेळा पंप घेऊन बसावे लागत असेल. वाया जाणाऱ्या दुधात तिचा तो वेळही धरा.

सयाजीबाग

उरलेले दूध दुग्धपेढीला का देत नाही? आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली होती, आता अनेक शहरांत अशा पेढ्या आहेत.

गृहविज्ञानवाली

उष्टे दूध कोणतीही पेढी घेत नाही. तेथे आईची तपासणी होते, स्वच्छपणे काढलेले दूध घेतले जाते आणि ते ६२.५ अंशांवर अर्धा तास ठेवून पाश्चरीकृत केले जाते. फ्रीझरमधील न वापरलेला साठा खरोखरच जास्त असेल, तर तो देता येईल का हे आधी विचारावे.

मांडवीच्या काकू

उष्टे दूध तर लगेचच टाकावे. एकदा तोंड लावले की संपले.

गृहविज्ञानवाली

काकू, पावडरच्या दुधाबाबत आपले म्हणणे जवळपास बरोबर आहे. आईचे काढलेले दूध मात्र बाळाने पिणे थांबवल्यापासून दोन तासांच्या आत पुन्हा देता येते. म्हणून बाळ मध्येच पेंगले तर बाटली लगेच ओतून टाकण्याचे कारण नाही. ताजे काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकते. आपल्याकडे मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत हा हिशेब धरू नये, ते सरळ फ्रीजमध्ये ठेवावे. तेथे ते चार दिवस आणि फ्रीझरमध्ये साधारण सहा महिने चांगले राहते.

कारेलीबागकर, आणखी एक विचारते. प्रत्येक बाटलीत थोडे थोडे उरते, की काही बाटल्या बाळ पहिल्या घोटालाच नाकारते?

कारेलीबागकर

आईला विचारून सांगतो आहे. दोन्ही प्रकार होतात. काही बाटल्या तो तोंडाला लावताच ढकलून देतो, आणि त्या बहुधा जुन्या तारखेच्या पिशव्यांच्या असतात. आईच्या म्हणण्यानुसार त्या दुधाला साबणासारखा वास येतो. आम्ही समजलो की पिशवी नीट धुतली गेली नाही, पण पिशव्या तर नव्याच असतात.

गृहविज्ञानवाली

ही गोष्ट कोणत्याही अ‍ॅपच्या आवाक्यातली नव्हती. आईच्या दुधात लायपेज नावाचे विकर असते, ते दुधातील स्निग्ध पदार्थ फोडते. काही मातांच्या दुधात साठवणीनंतर ही क्रिया इतकी जाणवते की दुधाला साबणासारखा वास येतो. ते दूध नासलेले नसते व बाळाला अपायही करत नाही, पण काही बाळे ते पीत नाहीत. पाहायचे असेल तर ताजे काढलेले दूध फ्रीजमध्ये ठेवा आणि काही तासांच्या अंतराने वास घेत राहा. किती वेळाने वास बदलतो ते कळेल. त्या वेळेच्या आत, गोठवण्यापूर्वी, ते कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंतच तापवावे, उकळू देऊ नये, आणि लगेच थंड करून गोठवावे. तापवल्याने दुधातील काही उपयुक्त घटक कमी होतात, म्हणून जे एक-दोन दिवसांत वापरले जाणार आहे ते तापवू नये. जुन्या पिशव्यांचा वास जाणार नाही, मात्र ते दूध ताज्या दुधात थोडे थोडे मिसळून बाळ पिते का ते पाहता येईल.

कारेलीबागकर

आभारी आहे. वजनावरून हिशेब करण्याची सोय त्या अ‍ॅपमध्ये बंद करता येते असे आत्ताच दिसले, ती बंद केली. पिशव्या आजपासून ६० आणि ३० च्या भरू, तक्ता-वहीही करून पाहतो. एक शंका राहिली. आदल्या रात्री फ्रीझरमधून फ्रीजमध्ये काढलेली पिशवी दुसऱ्या दिवशी वापरलीच गेली नाही, तर ती पुन्हा गोठवता येते का?

गृहविज्ञानवाली

पूर्ण वितळलेले दूध पुन्हा गोठवू नये. फ्रीजमध्ये ते पूर्ण वितळल्यापासून चोवीस तास चालते. फ्रीझरमधून बाहेर काढल्यापासून हा वेळ मोजायचा नसतो. कोमट केले असेल तर मात्र दोन तासांत संपवावे लागते. म्हणून रात्री २४० मिलीच बाहेर काढायला आईंना सांगा, आणि ३० च्या दोन पिशव्या फ्रीझरमध्ये हाताशी राहू द्या. बाळाने जास्त मागितल्यास लहान पिशवी कोमट पाण्याच्या भांड्यात धरली की थोड्या वेळात वितळते. मायक्रोवेव्हमध्ये ती ठेवू नये, कारण दूध एकसारखे तापत नाही आणि तोंड भाजण्याचा धोका असतो.