विंडोज १० ची मुदत संपली आणि वडिलांचे लेखन जुन्या फाँटमध्ये: लॅपटॉप बदलावा की प्रणाली?

कळफलक

नमस्कार मंडळी. आमच्या घरी २०१६ साली घेतलेला, सहाव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. तो मुख्यतः माझे वडील वापरतात. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि मावळातले गड, लेणी, देवस्थाने व जत्रा यांविषयी कित्येक वर्षांपासून टिपणे लिहीत आले आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार (म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी मोफत सुरक्षा अद्यतने) संपला, तेव्हापासून पडद्यावर त्याची सूचना येते आणि ती दिसली की वडील अस्वस्थ होतात. विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तो मार्ग आम्हाला बंद आहे.

दुकानदाराने नवा लॅपटॉप घेण्यास सुचवले. परंतु विदाकेंद्रांच्या (डेटा सेंटरच्या) मागणीमुळे रॅमचे भाव चढले आहेत, आणि मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशियल हा घरगुती ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा वेळी धडधाकट यंत्र मोडीत काढणे मला पटत नाही. माझा कल विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत प्रणालीकडे आहे. खरी चिंता लेखनाची आहे. त्यातील बराच भाग कृतिदेव आणि काही श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये, तर अलीकडचा थोडा भाग युनिकोड या आजच्या प्रमाण संकेतपद्धतीत आहे. वडील टंकलेखन यंत्रावर शिकलेले असल्यामुळे त्यांच्या बोटांना रेमिंग्टन या टंकलेखन यंत्राच्या कळरचनेचीच सवय आहे. त्यांचे काम अडू न देता हे स्थलांतर कोणत्या क्रमाने करावे?

जुनेयंत्र

घाई करण्याचे कारण नाही, हे प्रथम सांगतो. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अद्ययावतीकरणाची योजना ठेवली आहे आणि ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालणार आहे. त्यासाठी यंत्रावर विंडोज १० ची २२-एच-२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. संगणकाच्या मांडण्या (सेटिंग्ज) त्या खात्याशी जोडल्यास शुल्क पडत नाही, अन्यथा ३० डॉलर किंवा तेवढ्या किमतीची स्थानिक रक्कम भरावी लागते. ही नोंदणी आजच करून टाका, म्हणजे पुढची सगळी कामे निवांतपणे करता येतील.

अपात्र यंत्रावर आडमार्गाने विंडोज ११ बसवण्याचे सल्ले तुम्हाला जागोजागी मिळतील. तसे करता येते, पण अशा यंत्राला पुढची अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्या यंत्रावर एका माणसाचे आयुष्यभराचे टिपण आहे तिथे असा धोका पत्करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर मात्र तिच्याजागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) अवश्य बसवा. जुनी डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, तर साटा एसएसडी ५०० च्या पुढे जाते. शिवाय काढलेली जुनी डिस्क आहे तशी कपाटात ठेवली की एक पूर्ण प्रत आपोआप सुरक्षित राहते.

टंकसाळ

मी अक्षरजुळणीच्या व्यवसायात आहे, म्हणून फाँटच्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो. प्रणाली कोणतीही निवडा, पण विंडोज चालू स्थितीत आणि ते फाँट बसवलेले असतानाच पहिले काम हे करा: प्रत्येक फाइलची फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ काढून ठेवा. वडिलांनी पडद्यावर जे पाहिले त्याचा तोच एकमेव विश्वासार्ह पुरावा आहे, आणि युनिकोडमध्ये रूपांतर झाल्यावर ताडून पाहायला दुसरे काहीही हाताशी नसते.

याचे कारण असे की कृतिदेवमधील मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. ‘मराठी’ हा शब्द तिथे ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांच्या रूपात साठवलेला असतो. फाँट त्या अक्षरांच्या जागी फक्त देवनागरी आकृत्या दाखवतो. म्हणूनच अशी फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात कधीही साठवू नये. तसे केल्यास फाँटची नोंद पुसली जाते आणि कोणता भाग मराठी होता व कोणता खरोखरच इंग्रजी, हे ठरवायला काही खूण उरत नाही. रूपांतराची जी आज्ञावली वापराल, ती फाँटचे नाव पाहून तेवढाच भाग बदलते की नाही, हे आधी तपासा.

दुसरी अडचण क्रमाची आहे. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते, कारण ती दिसते डावीकडे. युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी असा उच्चाराचा क्रम असतो. रफाराचे याच्या उलट आहे. ‘धर्म’ लिहिताना जुन्या फाँटमध्ये ध, म आणि शेवटी रफार येतो, तर युनिकोडमध्ये ध, र, हलन्त, म असा क्रम लागतो. चांगली आज्ञावली हे फेरफार बिनचूक करते, परंतु जोडाक्षरावर रफार आणि वेलांटी एकत्र आल्या की अनेक आज्ञावल्या चुकतात. श्रीलिपीच्या सर्व फाँटमालिकांची संकेतरचना एकसारखी नसते, म्हणून फाइलमध्ये नोंदलेले फाँटचे पूर्ण नाव क्रमांकासह टिपून ठेवा आणि त्याच मालिकेसाठी केलेले रूपांतरक वापरा.

सह्यवाट

मिंटच्या बाजूने थोडे. मिंट २२ ही आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली, तिचा पाया उबुंटू २४.०४ ही दुसरी लिनक्स प्रणाली आहे आणि तिला २०२९ पर्यंत आधार मिळणार आहे. ती किमान २ जीबी रॅमवर चालते आणि ४ जीबी असल्यास सुखाने चालते, त्यामुळे तुमचे यंत्र तिला भरपूर आहे. पेनड्राइव्हवरून ती प्रथम नुसती चालवून पाहा. डिस्कवर काहीही बदल होत नाही आणि वायफाय, आवाज, छपाई या तिन्ही गोष्टी लगेच तपासता येतात.

छपाईयंत्राकडे विशेष लक्ष द्या. अनेक स्वस्त लेझर छपाईयंत्रांत पानाची मांडणी करणारी यंत्रणाच नसते, ते सारे काम संगणकावरील चालक-आज्ञावली (ड्रायव्हर) करते; लिनक्ससाठी ती आज्ञावली नसेल तर यंत्र निरुपयोगी ठरते. घरात कोणी व्यवसायासाठी टॅली किंवा डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरत असेल, तर विंडोजचा एक विभाग राखून ठेवणेच शहाणपणाचे.

टंकनाची काळजी नको. लिनक्सवर भारतीय भाषा टंकण्यासाठीच्या आयबस या आज्ञावलीसोबत एम-१७-एन हा संच बसवला की इन्स्क्रिप्ट, रेमिंग्टन आणि गमभन असे कळरचनेचे पर्याय मिळतात, म्हणजे वडिलांच्या बोटांना नवे काही शिकावे लागणार नाही. युनिकोडमधील लेखन जर मंगल फाँटमध्ये असेल तर तो मिंटमध्ये नसतो. त्याऐवजी नोटो किंवा ‘मुक्त’ (Mukta) यांपैकी एखादा फाँट लावा. ओळींची लांबी बदलून पाने पुढेमागे सरकतात, पण मजकुराला धक्का लागत नाही.

कळफलक

सर्वांचे मनापासून आभार. वाढीव योजनेत नोंदणी केली आणि पीडीएफही काढून झाल्या. पेनड्राइव्हवरून मिंट चालवले असता वायफाय व छपाई दोन्ही व्यवस्थित चालले, आणि वडिलांनी रेमिंग्टनमध्ये सलग पानभर मजकूर टंकून पाहिला. लोहगडावरील प्रकरण नमुन्यादाखल रूपांतरित केले तेव्हा मात्र एक गोष्ट खटकली. ‘डोंगरदऱ्या’ऐवजी सर्वत्र ‘डोंगरदर्या’ आले आहे आणि ‘पायऱ्या’चे ‘पायर्या’ झाले आहे. सगळीकडे शोधून एकदम बदलून टाकावे का?

टंकसाळ

एकदम बदलू नका. पुष्कळशा रूपांतरक आज्ञावल्या हिंदीसाठी लिहिलेल्या आहेत, आणि हिंदीत हा अर्धा ऱ लागत नसल्यामुळे त्या त्याचा सरळ रफार करून टाकतात. परंतु तुमच्याच मजकुरात सूर्य, कार्य, आश्चर्य, धैर्य हे शब्दही असणार, आणि तिथे रफारच बरोबर आहे. म्हणून लिब्रेऑफिस या लेखन-आज्ञावलीत ‘र्य’ असलेले सर्व शब्द शोधून त्यांची एक यादी करा, ती अकारविल्हे लावा आणि वडिलांसमोर ठेवा. पायऱ्या, वाऱ्यावर, करणाऱ्या, शेतकऱ्यांनी असे शब्द एका दृष्टिक्षेपात वेगळे काढता येतात. मग एकेका शब्दासाठी शोध-बदल करावा. हेच ‘र्ह’च्या बाबतीतही करा, कारण कुऱ्हाड आणि कऱ्हाड यांची तीच गत झालेली असेल, पण ‘अर्हता’ जशीच्या तशी राहिली पाहिजे. ‘दर्या’ सुटा आला असेल तिथे मात्र यादी पुरेशी नाही, कारण समुद्र आणि दरी हे दोन्ही अर्थ संभवतात. ती वाक्ये पीडीएफ शेजारी उघडून वडिलांनीच वाचावीत.